डेटाबेस जोडला जात नाहीये? आधी एरर शेवटपर्यंत वाचा

पोस्टग्रेस डेटाबेसला कनेक्शन मिळालं नाही की टीममधल्या नव्या मुलांचा पहिला हात पासवर्डकडे जातो. थांबा. एररची ओळ पूर्ण वाचा. आपली रिक्वेस्ट कुठपर्यंत पोचली ते तिथेच लिहिलेलं असतं.

'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' आलं म्हणजे नेटवर्क ठीक आहे, सर्व्हरने उत्तर दिलंय. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बहुतेक वेळा त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर कुणी ऐकतच नसतं. बराच वेळ काहीच न होता 'टाइमआउट' आला तर फायरवॉल तपासा.

डॉकरने (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) माझी एक अख्खी शनिवार दुपार खाल्ली होती. अ‍ॅप लॅपटॉपवर चालायचं, कंटेनरमध्ये टाकलं की रिफ्यूज्ड. सेटिंगमध्ये होस्ट होता लोकलहोस्ट. पण कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, आणि डेटाबेस तर दुसऱ्या कंटेनरमध्ये! कंपोज फाइलमध्ये (कुठले कंटेनर कसे चालवायचे ते जिथे लिहितो) डेटाबेसच्या सर्व्हिसला जे नाव आहे, तेच होस्ट म्हणून द्यायचं. आमच्याकडे ते 'डीबी'. पोर्टचंही तसंच: मॅपिंग (लॅपटॉपचं पोर्ट:कंटेनरचं पोर्ट) ५४३३:५४३२ असेल तर लॅपटॉपवरून ५४३३, अ‍ॅपच्या कंटेनरमधून मात्र ५४३२.

एवढं करूनही पहिल्यांदा सुरू करताना पडतं आणि रीस्टार्ट केल्यावर चालतं? मग अ‍ॅप घाई करतंय. नुसतं 'डिपेंड्स ऑन' लिहिलं तर कंपोज फक्त कंटेनर सुरू व्हायची वाट बघतं, पोस्टग्रेस तयार व्हायची नाही. 'पीजी इज रेडी' (पोस्टग्रेस तयार आहे का ते सांगणारी कमांड) वापरून हेल्थचेक लावा आणि सर्व्हिस हेल्दी झाल्यावरच अ‍ॅप उठू द्या.

आता पासवर्ड. त्यात @ असेल तर कनेक्शन यूआरएलमध्ये %४० लिहावं लागतं (आकडे अर्थात इंग्रजी), नाहीतर होस्टचं नाव भलतंच वाचलं जातं. आणि कंपोजमधला पासवर्ड पोस्टग्रेसची इमेज फक्त पहिल्या वेळी, व्हॉल्यूम (डेटा साठवायची जागा) रिकामा असताना वाचते. नंतर तिथे बदलून उपयोग नाही. कृपा करून त्यासाठी व्हॉल्यूम उडवू नका, डेटा जाईल. आत शिरून 'अल्टर यूजर'ने बदला.

'टू मेनी क्लायंट्स' आलं तर कनेक्शनची मर्यादा वाढवायची घाई नको. मुळात ती १०० असते, छोट्या प्रोजेक्टला भरपूर. 'पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी' (चालू कनेक्शनची यादी) उघडून कोण बसलंय ते बघा. आमच्याकडे 'आयडल', म्हणजे नुसत्या बसून राहिलेल्या, सेशन्सची रांग होती: कोड सेव्ह केला की कनेक्शनचा नवा पूल (साठा) उघडायचा, जुना कुणी बंदच करत नव्हतं.