चित्रपुस्तकावरून मुलांसोबत चित्र कसे करावे

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी चित्रपुस्तक निवडताना गोष्टीइतकेच ते चित्र कशाने केले आहे हेही पाहावे. कागद फाडून चिकटवलेली, भेंडीचे किंवा पानांचे ठसे उमटवलेली, जलरंगाचे ओघळ सोडलेली चित्रे उपयोगी पडतात, कारण ती रीत मुलांच्या हातांना जमण्यासारखी असते. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत मराठी आणि कन्नड बोलणारी मुले एकत्र खेळतात, म्हणून शक्यतो दोन्ही भाषांत उपलब्ध असलेले पुस्तक घ्यावे. प्रथम बुक्स या मुलांची पुस्तके काढणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर अशी पुस्तके विनामूल्य वाचता येतात.

समजा, पुस्तक पावसाचे आहे. पहिल्या खेपेला मजकूर न वाचता फक्त पाने उलटावीत आणि मुलांना काय दिसते ते बोलू द्यावे. कन्नडमध्ये पावसाला ‘मळे’ म्हणतात. मराठी मुलाला त्या शब्दात भाजीचे मळे दिसतात, तेव्हा त्याला दुरुस्त करण्याऐवजी पाऊस आणि मळे दोन्ही एकाच कागदावर येऊ द्यावेत. दुसऱ्या खेपेला गोष्ट वाचावी आणि एका पानावर थांबून विचारावे, ‘हा पाऊस चित्रकाराने कसा काढला असेल?’

मग पुस्तक मिटून उंच ठेवावे. ही पायरी बहुधा गाळली जाते, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची हीच. पुस्तक समोर उघडे राहिले की मुले त्यातलेच चित्र उतरवू लागतात आणि ते तसे जमले नाही की कागद बाजूला सारतात.

आता जाड कागदावर पांढऱ्या मेणखडूने पावसाच्या रेघा ओढायला सांगाव्यात. पांढऱ्यावर पांढरे दिसत नसल्यामुळे मुले हात हलका ठेवतात, म्हणून खडू दाबून ओढण्याची आठवण द्यावी लागते. त्यावरून पाण्यात पातळ केलेला निळा रंग रुंद ब्रशने फिरवला की मेण पाणी धरत नसल्यामुळे रेघा कोऱ्या राहतात आणि पाऊस एकाएकी प्रकट होतो. रंग घट्ट असेल तर तो मेणालाही झाकतो. वहीचा पातळ कागद भिजून फाटतो. मुले रंगवत असताना त्यांच्या दारातल्या पावसाबद्दल विचारावे: कौलांवरून पागोळ्या कशा पडतात, इरले पांघरून कोण शेतात जाते? मलप्रभेचा उगम खानापूर तालुक्यात कणकुंबीला होतो, त्यामुळे वाळलेले सगळे कागद जमिनीवर एकापुढे एक जोडून तिथून निघणारी नदीही करता येते.

बैलाच्या गोष्टीसाठी बेंदराचे, म्हणजे बैलांच्या सणाचे, दिवस गाठावेत आणि रंगांऐवजी कुंभाराकडची मळलेली माती द्यावी. पाय आखूड व जाड ठेवावेत, जोडाच्या जागी काडीने ओरखडे काढून पातळ चिखल लावावा आणि बैल सावलीत वाळवावेत. उन्हात माती तडकते.

मुलाने चित्राविषयी जे सांगितले ते कागदामागे त्याच्याच शब्दांत, त्याच्याच भाषेत लिहावे, आणि चित्र त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावे. दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक त्या चित्रांपाशी बसून पुन्हा उघडावे. मुले आता चित्रकाराच्या रेघांकडे बोट दाखवून ‘इथे याने खडू दाबला नाही’ असे सांगू लागतात.