हात बधिर होतात म्हणून स्पोर्ट बाइकचं हँडल बदलताय? या चुका टाळा

साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतार लागतो. त्या उतारावर एकदा मला मान खाली घालून बघावं लागलं की उजव्या हाताची बोटं ब्रेकच्या लिव्हरवर आहेत की नाहीत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पार गेलं होतं. समोर ट्रक, मागे बस, आणि आपली बोटं कुठे आहेत हे डोळ्यांनी तपासायचं. शिरवळला थांबलो, चहाचा ग्लास धरला, तर तोही दोन हातांनी धरावा लागला.

दोन आठवड्यांत हँडल बदलून घेतलं. गॅरेजवाला म्हणाला, "दादा, दुपारपर्यंत होतंय, या तुम्ही." झालंही. घरी पार्किंगमध्ये गाडी वळवायला हँडल पूर्ण डावीकडे घेतलं आणि इंजिनाची रेस आपोआप चढली. क्लच दाबलेला होता म्हणून भिंतीवर गेलो नाही. नवीन हँडल उंच होतं आणि ॲक्सिलरेटरची केबल जुनीच, तेवढ्याच लांबीची. वळवलं की ती ताणली जात होती.

हात दुखणं सहन करत बसू नये, हे मी मनापासून सांगतो. बधिर हाताने ब्रेक लागत नाही. पण हँडल बदलणं हा यातला शेवटचा उपाय आहे, आणि तो करताना सोबत बऱ्याच गोष्टी बदलाव्या लागतात. तिथेच बहुतेकांचं चुकतं.

कुठे दुखतं ते न बघताच पार्ट मागवणं

"हात दुखतात" एवढ्यावर काही ठरत नाही. पुढच्या राइडला नीट लक्ष द्या.

करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील, तर तळहाताच्या करंगळीकडच्या बुडाशी जाणारी अल्नर नस दाबली जाते आहे. शरीराचं वजन तळहातांवर पडतं, ते नेमकं तिथे. सायकल लांबवर चालवणाऱ्यांना हाच त्रास होतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर ती मीडियन नस. मनगट वाकवून मूठ घट्ट आवळून धरल्याने ती चेपते. फक्त डाव्या हाताचा कोपराखालचा भाग भरून येत असेल तर जवळपास नक्कीच क्लच जड आहे. फक्त उजवा दुखत असेल तर ॲक्सिलरेटर धरून ठेवण्याचा ताण. आणि ठराविक आरपीएमलाच दोन्ही तळवे झिणझिणत असतील तर ते व्हायब्रेशन.

उंच हँडल यातल्या पहिल्या त्रासावर खरा फरक पाडतं. दुसऱ्यावर थोडाफार. बाकीच्यांवर हँडलचा खर्च फुकट जातो.

एक मात्र लक्षात ठेवा. गाडीवरून उतरून तासाभरानेही मुंग्या जात नसतील, रात्री झोपेत हात बधिर होऊन जाग येत असेल, किंवा बरणीचं झाकण फिरवताना, शर्टाचं बटण लावताना जोर लागत नसेल, तर आधी डॉक्टर. हँडल नंतर.

हातावर वजन का येतं, हे न शोधणं

गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून गाडी सरळ उभी धरणारा स्टँड) घ्या किंवा मित्राला धरायला सांगा. हायवेला वाकता तसं बसा आणि दोन्ही हात ग्रिपपासून इंचभर वर उचला. दहा सेकंद तसं राहता आलं तर ठीक. लगेच छाती टाकीवर आपटत असेल, तर तुमचं सगळं धड मनगटांनी तोलून धरलंय. स्पोर्ट बाइकवर ते काम मांड्यांचं, पोटाचं आणि कमरेचं आहे. टाकी मांड्यांनी आवळायची, टाकीपासून मूठभर मागे बसायचं, कोपर किंचित वाकलेले ठेवायचे. कोपर ताठ असले की रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट मनगटात उतरतो. टाकीला दोन्ही बाजूंनी रबरी ग्रिप पॅड चिकटवले तर गुडघे घसरत नाहीत. हे काम काही शे रुपयांत होतं आणि ब्रेक मारताना त्याचा फायदा लगेच कळतो.

पाठीवरची लॅपटॉपची बॅग हाही मोठा गुन्हेगार आहे. वाकून बसल्यावर सहा-सात किलोचं ते ओझं खांद्यांवरून सरळ तळहातांत येतं. मागच्या सीटवर टेल बॅग बांधा. माझा निम्मा त्रास एवढ्यानेच गेला, आणि हे हँडलवर पैसे घातल्यानंतर कळलं याची अजून हळहळ वाटते.

मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय, तेही बघा. कधीतरी डबलसीट ट्रिपसाठी तो घट्ट केलेला असतो आणि तसाच राहतो. एकट्याने चालवताना मग गाडीचं शेपूट उंच, नाक खाली, आणि तुम्ही पुढे घसरत हातांवर.

लिव्हर कंपनीतून आले तसेच ठेवणं

हे अगदी फुकटातलं काम आहे आणि दहा मिनिटांचं. नेहमीसारखं बसा, बोटं सरळ करा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक रेघ जायला हवी आणि लिव्हर त्या रेघेत यायला हवा. मनगट वर मोडून लिव्हर पकडावा लागत असेल तर त्याचे क्लॅम्प सैल करून तो खाली फिरवा. हँडल उंच केल्यावर हा कोन पुन्हा लावावा लागतो, कारण हाताचा उतार बदललेला असतो. नवीन हँडलवर जुन्याच कोनात लिव्हर बसवून "अजून दुखतंय" म्हणणारे बरेच आहेत.

क्लच जड असेल तर केबलमध्ये तेल सोडा. बाहेरच्या आवरणातून तारा निघायला लागल्या असतील तर केबल बदलाच. लिव्हरचा मोकळा खेळ (केबल ओढली जाण्याआधी लिव्हर जेवढा रिकामा हलतो तो) मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, बऱ्याच गाड्यांना १० ते १५ मिमी.

शॉकअप वर ओढून क्लिप-ऑन टीच्या वर बसवणं

सगळ्यात धोकादायक जुगाड हाच आहे, आणि सगळ्यात स्वस्त असल्यामुळे सगळ्यात जास्त केला जातो.

क्लिप-ऑन म्हणजे पुढच्या दोन शॉकअपना वेगवेगळे आवळलेले दोन आखूड पाइप. टी म्हणजे त्या दोन शॉकअपना वर आणि खाली एकत्र धरणाऱ्या आडव्या पट्ट्या. बऱ्याच स्पोर्ट बाइकना ते वरच्या टीच्या खाली असतात. काही जण दोन्ही टीचे बोल्ट सैल करून शॉकअपच्या नळ्या वर सरकवतात आणि वर आलेल्या तुकड्यावर क्लिप-ऑन चढवतात. हँडल वर आलेलं दिसतं. प्रत्यक्षात गाडीचं तोंड तेवढंच खाली गेलेलं असतं. पुढचे शॉकअप जास्त उभे होतात, ट्रेल (पुढच्या चाकाला सरळ धरून ठेवणारं अंतर) कमी होतो आणि हायवेला खड्ड्यावरून गेलं की हँडल थरथरायला लागतं. शॉकअप पूर्ण दबला की टायर किंवा मडगार्ड रेडिएटरला, फेअरिंगला लागण्याइतकी जागा कमी होते. साइड स्टँडवर गाडी जास्त उभी राहते आणि वाऱ्याने पडू शकते. वर आणखी एक: तोंड खाली गेल्यामुळे तुमचं वजन पुन्हा हातांवरच येतं. ज्यासाठी केलं तेच बिघडतं.

उंची हवी तर शॉकअपला हात न लावता मिळवायची. त्यासाठी उंच केलेले क्लिप-ऑन मिळतात, ज्यांचा क्लॅम्प जागेवरच राहतो आणि पाइप वर येतो. दुसरा मार्ग म्हणजे टी बदलून सरळ पाइपचं हँडल टाकायचं.

"सगळ्याला बसतं" यावर विश्वास ठेवणं

क्लिप-ऑन घ्यायला जाताना व्हर्नियर कॅलिपर घेऊन जा. नावावरून माप ठरत नाही. यामाहाच्या आर१५ चंच बघा. २०१८ च्या व्ही ३ ला भारतात साधे टेलिस्कोपिक शॉकअप होते, २०२१ च्या व्ही ४ ला उलटे, म्हणजे यूएसडी. क्लॅम्प जिथे बसतो तिथली जाडी दोन्हींत वेगळी. एमटी १५ हिची बहीण आहे, इंजिन तेच, म्हणून "एमटीची टी आणि हँडल टाका" असा सल्ला सर्रास मिळतो. पण एमटीलाही २०२२ पासून यूएसडी शॉकअप आहेत. कुठल्या वर्षाची टी कुठल्या वर्षाच्या गाडीवर, हे मोजूनच ठरवायचं. क्लॅम्प अर्ध्या मिलिमीटरने मोठा असेल तर पत्र्याची पट्टी घालून आवळणारे लोक आहेत. त्या हँडलवर जोरात ब्रेक मारायची वेळ आली तर काय होईल, याचा विचार करा.

पाइपच्या हँडलची जाडी साधारण २२ मिमी असते. जाड, निमुळतं हँडल मधे २८.६ मिमी असतं. ग्रिपची बाजू तीच राहते, पण टीवरचे क्लॅम्प वेगळे लागतात.

आणि उंची किती? माझं स्पष्ट मत: २० ते ३० मिमी उंच आणि थोडं आपल्याकडे, एवढं पुष्कळ झालं. स्पोर्ट बाइकचे फूटरेस्ट मागे आणि वर असतात, सीट पुढे उतरती असते. त्यावर एकदम उंच हँडल टाकलं की धड उभं, गुडघे दुमडलेले, आणि सगळा भार माकडहाडावर. ताशी ९० च्या पुढे वारा छातीवर घेऊन हँडलला लटकावं लागतं ते वेगळंच. हाताचं दुखणं कमरेत जातं.

केबल, होज आणि वायरिंग जुनंच ठेवणं

माझी फसगत इथेच झाली, म्हणून हे सविस्तर सांगतो.

हँडल बसलं की गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि हँडल सावकाश डावीकडे टोकापर्यंत, मग उजवीकडे टोकापर्यंत न्या. आरपीएमचा काटा जराही हलला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय किंवा कुठेतरी अडकतेय. ती मोकळ्या मार्गाने फिरवा, नाहीतर लांब केबल घ्या. रेस सोडल्यावर ग्रिप दोन्ही टोकांना आपोआप टक्कन परत यायला हवा. क्लच केबलचंही तेच: हँडल टोकाला नेल्यावर मोकळा खेळ संपत असेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि प्लेटा जळतात.

ब्रेकचा होज, म्हणजे ऑइलची नळी, याहून महत्त्वाची. पुढचं चाक जमिनीवरून उचलून शॉकअप पूर्ण लांब होऊ द्या आणि मग हँडल दोन्हीकडे फिरवून होजला बोट लावा. कडक, ताणलेला लागला तर तो लांबच हवा. होज बदलताना बँजो बोल्टचे (होज जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर नवीन घ्यायचे, ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच ऑइल भरायचं, बहुतेक गाड्यांना डॉट ४, आणि हवा पूर्ण काढायची. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना आता एबीएस असतं. त्याच्या लाइन उघडायच्या असतील तर ते काम येणाऱ्याकडेच द्या. ऑइलची डबी तिरकी राहिली तर तिच्यात हवा ओढली जाऊ शकते, म्हणून ती सपाट राहील असा मास्टर सिलिंडर (ब्रेक लिव्हरजवळचा, ज्यावर ही डबी असते तो भाग) फिरवा.

हेडलाइटच्या मागून जाणारं वायरिंग एकदा टॉर्च लावून बघा. स्विचच्या वायरी चेपल्या तर हॉर्न किंवा हेडलाइट पहिल्या पावसातच बंद पडतो. शेवटी टोकाला वळवल्यावर अंगठा आणि टाकी यांच्यात, आणि मास्टर सिलिंडर व व्हायझरमध्ये बोटभर जागा हवी. जागा होत नाही म्हणून हँडलच्या स्टॉपरवर वेल्डिंग करून वळण कमी करू देऊ नका. पार्किंगमध्ये आणि घाटातल्या तीव्र वळणावर ते जाणवेल.

स्विचमधली छोटी पिन घासून टाकणं

स्विचचे दोन भाग उघडलेत तर आत तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी एक पिन दिसेल. मूळ पाइपला तिच्यासाठी भोक असतं. नवीन पाइपला बहुधा नसतं. मेकॅनिक काय करतो? कानशीने पिन घासतो आणि स्विच आवळून देतो. महिनाभर छान चालतं. नंतर रेस देताना आख्खी स्विचची डबी हाताबरोबर फिरायला लागते आणि रेस कधी पूर्ण सुटते, कधी नाही.

पिन राहू द्या. लिव्हर, ग्रिप, स्विच सगळं आपल्याला सोयीचं लावून बघा, मार्करने खूण करा, आणि पिनेच्या जाडीचंच भोक पाइपच्या एकाच बाजूला पाडा. आरपार नको.

बार एंडची, म्हणजे हँडलच्या टोकांची, वजनं काढून ठेवणं हीदेखील तशीच चूक. नवीन पाइपला आतून आटे नाहीत म्हणून ती बसवली जात नाहीत, आणि व्हायब्रेशन आधीपेक्षा वाढतं.

अंदाजाने आवळणं

क्लिप-ऑन ॲल्युमिनियमचे असतात. जास्त आवळलं तर आटे जातात, कमी आवळलं तर ब्रेक मारताना हँडल पुढे सरकतं. एम ६ चे बोल्ट साधारण १० न्यूटन मीटर, एम ८ चे २० ते २५, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला किंवा क्लिप-ऑनसोबत आलेल्या कागदावरचा आकडा खरा. टॉर्क पाना नसलेल्या गॅरेजात हे काम करू नका. दोन बोल्ट असतील तर आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. नंतर बोल्टवर आणि क्लॅम्पवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढा. बोल्ट फिरला की रेघ तुटलेली दिसते. पहिल्या १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, आणि तोवर हायवेला जाऊ नका.

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. टीसकट पाइप हँडल टाकणार असाल तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा, उत्तर लेखी घ्या. मूळ क्लिप-ऑन, टी, केबल आणि बोल्ट विकू नका. माझे वर्तमानपत्रात गुंडाळून, तेलाचा हात फिरवून माळ्यावर ठेवलेत, प्रत्येक बोल्ट ज्या भोकातला त्याच भोकात फिरवून.