सरपंचाची मुदत संपली, प्रशासक बसला, आता आपलं काम कसं करून घ्यायचं

2020 ची दिवाळी तोंडावर होती आणि आमच्या गावच्या नळयोजनेची मोटर जळाली. बाया दिवसभर कापूस वेचून घरी आल्या तर नळाला फुस्स. गेलो सरपंचाकडं, तर तो म्हणे, "भाऊ, ऑगस्टातच मुदत संपली, आता माह्या सहीले कोण पुसते?" कोरोनामुळं निवडणूक पुढं गेलेली, गावाचा कारभार बघायला प्रशासक म्हणून पंचायत समितीचे विस्तार अधिकारी, त्यांच्याकडं अजून चार गावं, आणि बँकेत त्यांची सही लागली नव्हती म्हणून चेक निघेना. शेवटी वाइंडिंगवाल्यानं उधारीवर मोटर बांधून दिली, पण तोवर नऊ दिवस बैलबंडीवर ड्रम ठेवून विहिरीचं पाणी आणलं. तेव्हा शिकलो ते सांगतो.

पहिलं म्हणजे तारीख काढा. ग्रामपंचायतीची 5 वर्षं निकालापासून मोजत नाहीत, पहिल्या सभेच्या तारखेपासून मोजतात, ती सचिवाला विचारा (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण आपल्याकडं सचिवच). मुदत संपायला चार-सहा महिने राहिले की पैशाची कामं मागं लागून उरकून घ्या, दुरुस्ती, दिवे, नाली, जे असेल ते. कारण बॉडी (निवडून आलेले सरपंच-सदस्य) गेली की बँकेतली सही बदलते, वित्त आयोगाच्या (केंद्राकडून येणाऱ्या) पैशाच्या पेमेंटचं डोंगल, म्हणजे डिजिटल सहीचं यंत्र, नव्या माणसाच्या नावानं करावं लागते, आणि निवडणूक लागली तर आचारसंहिता, म्हणजे नवीन काम बंदच.

पण सगळंच अडत नाही राजेहो, इथंच लोक गडबडतात. सातबारा, फेरफार, नुकसानीचा पंचनामा हे तलाठ्याकडं, तो तहसीलदाराच्या हाताखाली, त्याचा सरपंचाशी काही संबंध नाही. जन्म-मृत्यूचा दाखला, नमुना 8 चा (घराच्या नोंदीचा) उतारा सचिव देतो. "बॉडी नाही, नंतर या" असं कोणी म्हटलं तर नंतर येऊ नका, तिथंच लेखी अर्ज द्या आणि ओसीवर (आपल्याकडं राहणाऱ्या अर्जाच्या कॉपीवर) सही-शिक्का घ्या. सेवा हक्क कायदा 2015 पासून आहे, दाखल्याला दिवस ठरलेले आहेत, उशीर झाला तर अपील करता येते.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, ग्रामसभा. सरपंचाची मुदत संपते, ग्रामसभेची नाही, कारण ती म्हणजे गावातले सगळे मतदार. वर्षाला किमान चार सभा घ्याव्याच लागतात, प्रशासक असला तरी. कोरम, म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, जे कमी असेल ते. आमच्याकडं 26 जानेवारीला झेंडावंदन झालं की जिलेबी खाऊन अर्धं गाव पांगते आणि मग सभा तहकूब, त्यामुळं वेळ ठरवतानाच बोला, वेचणीच्या दिवसात सकाळी अकराला बायांनी यावं कसं? विषय आधीच लेखी देऊन ठेवा, आणि सभेत ठराव झाला की प्रोसिडिंग बुकात लिहिलेला वाचून दाखवल्याशिवाय उठू नका. तोंडी "हो, करून टाकू" ला काही अर्थ नाही, प्रशासक बदलला की तेही गेलं.

पैसा कुठं गेला ते ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर मोबाईलवरच दिसते, गावाचं नाव टाका आणि बघा. तिथं कळलं नाही तर माहिती अधिकार, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे.

झेडपीचं दुखणं वेगळं. यवतमाळ, अमरावती, वर्धा अशा जिल्ह्यांत मार्च 2022 ला मुदत संपली आणि पुढं तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच. या काळात शाळेचं छत गळलं तर पकडायला मेंबरच नाही, मग अर्ज थेट बीडीओ (गटविकास अधिकारी) आणि झेडपीच्या सीईओला (मुख्य कार्यकारी अधिकारी), एक कॉपी आमदाराला, आणि तरी हललं नाही तर लोकशाही दिन, म्हणजे साहेब लोक समोरासमोर तक्रारी ऐकतात तो दिवस.

काही जण विचारतात की एकाच माणसानं किती वेळा सरपंच व्हायचं याला लिमिट आहे का. कायद्यात नाही, पण आरक्षण फिरते ना, त्यामुळं खुर्ची बहुतेक वेळा आपोआप बदलते. अर्थात महिला राखीव निघाली की जुनाच माणूस बायकोला उभं करून स्वतः खुर्चीवर बसते, हे मी सांगायची गरज नाही. अशा वेळी अर्ज बाईच्याच नावानं करा आणि सभेत प्रश्नही तिलाच विचारा, नवरा उत्तर द्यायला लागला तर "भाऊ, तुमाले नाही पुसलं" एवढं म्हणायला लाजू नका. आमच्या गावात एका म्हातारीनं असंच म्हटलं होतं, तर ती सरपंचबाई उठली आणि नालीच्या बिलाचा आकडा रुपयांसकट सांगितला, नवऱ्याला तो माहीतच नव्हता.