न्हाणीघर नव्याने करताना नळकाम आणि टाइल यांचा क्रम

साताऱ्याच्या पेठांमधील जुन्या घरांत न्हाणीघर नव्याने करायला काढले, की पहिला प्रश्न पडतो तो आधी प्लंबरला बोलवावे की टाइल बसवणाऱ्याला. उत्तर प्लंबर हेच आहे; मात्र त्याने छन्नी हातात घेण्यापूर्वी टाइल, कमोड आणि डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा, भिंतीत बसणारा व्हॉल्व्ह) घरात येऊन पडलेले असावेत, कारण पाइप कोठे आणि किती खोल बसवायचा हे टाइलचा पृष्ठभाग कोठे येणार यावरून ठरते.

आमच्या घरी डायव्हर्टर उघड्या विटेच्या मापाने बसवला गेला. त्यावर गिलावा, सिमेंट आणि टाइल चढल्यावर तो जवळपास इंचभर आत गेला, मूठ बसेना, आणि नुकत्याच लावलेल्या दोन टाइल फोडाव्या लागल्या. डायव्हर्टरच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर किमान आणि कमाल खोलीच्या खुणा असतात. भिंतीला ओळंबा लावून, गिलावा, चिकटवण्याचा थर आणि टाइल यांची जाडी मिळवून सुतळी ताणावी आणि ती या दोन खुणांच्या मधोमध येईल असा डायव्हर्टर पक्का करावा. कमोडच्या पाइपाचे अंतरही तयार टाइलपासूनच मोजायचे असते, विटेपासून नव्हे.

तोडफोड झाल्यावर सांडपाण्याचे पाइप आणि न्हाणी ट्रॅप (जमिनीवरचे पाणी वाहून जाण्याचे जाळीचे तोंड) आधी बसवावेत, कारण जमिनीचा सगळा उतार त्यांच्या उंचीवर अवलंबून असतो. त्यानंतर भिंतीत झिऱ्या, म्हणजे पाइपासाठीच्या खाचा, पाडाव्यात. जुनी भिंत मातीत रचलेल्या विटांची असेल तर घणाचे घाव घालू नयेत. कटरने दोन्ही कडा कापून मधला भाग हलक्या हाताने काढावा आणि लांब आडवी झिरी टाळावी.

कास तलावाचे पाणी शहरात उताराने येत असले, तरी बहुतेक घरांत नळाला ते गच्चीवरच्या टाकीतून मिळते, आणि टाकी नळापासून दहा फूट उंच असेल तर दाब चौरस सेंटीमीटरला जेमतेम ०.३ किलो भरतो. म्हणून टाकीच्या पाण्यावर सांधे तपासून समाधान मानू नये. सीपीव्हीसीचे (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लॅस्टिक पाइपाचे) सांधे २४ तास वाळू द्यावेत, मग हातपंपाने सुमारे ६ किलो दाब देऊन काही तास दाबमापकाचा काटा स्थिर राहतो का ते पाहावे. झिऱ्या बुजवण्यापूर्वी शेजारी टेप धरून प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा. पुढे आरसा लावताना ड्रिल पाइपात शिरत नाही.

गिलाव्यानंतर वॉटरप्रूफिंगचा लेप जमिनीवरून भिंतीवर निदान फूटभर, आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्याही वर चढवावा. ट्रॅपचे तोंड बंद करून ४८ तास पाणी साठवावे आणि खालच्या मजल्याचे छत रोज पाहावे. ही चाचणी घाईत गाळली, तर नंतर गळती शोधण्यासाठी नवी फरशी उखडावी लागते.

भिंतीच्या टाइल दुसऱ्या ओळीपासून वर लावाव्यात. जमिनीची फरशी ट्रॅपकडे मीटरला १ ते १.५ सेंटीमीटर उतार देऊन झाली, की भिंतीची राहिलेली खालची ओळ उताराप्रमाणे कापून तिच्यावर टेकवावी. त्यामुळे भिंतीवरून ओघळलेले पाणी सांध्यात न शिरता फरशीवर उतरते. टाइलच्या फटींत भरलेले ग्राउट वाळल्यावरच कमोड, नळ आणि शॉवर बसवावेत, आणि कमोडच्या कडेला सिलिकॉन भरल्यानंतर एक दिवस न्हाणीघर बंद ठेवावे.