मुंबईच्या पावसासाठी फायबर काँक्रीट पॅनेलचं रेनस्क्रीन कसं बसवायचं

कोकणात मृग लागायच्या आत मातीच्या भिंतीपुढे विणलेल्या झावळ्यांचा आडोसा बांधतात. पावसाचा मार झावळ्या खातात, मधल्या फटीत वारा खेळतो आणि भिंत कोरडी राहते. रेनस्क्रीनचं तत्त्व हेच आहे. झावळ्यांच्या जागी साधारण १३ मिमी जाडीचं फायबर काँक्रीटचं, म्हणजे काचतंतू मिसळलेल्या काँक्रीटचं, पॅनेल येतं आणि सुंभाच्या जागी ॲल्युमिनियमचा सांगाडा.

एक गोष्ट आधी पक्की करा. पॅनेल पावसाचा जोर मोडतं, पाणी पूर्ण अडवत नाही. दोन पॅनेलमधल्या ८ ते १० मिमीच्या उघड्या सांध्यातून थोडं पाणी आत येणारच. ते पॅनेल आणि भिंत यांच्यामधल्या पोकळीतून खाली वाहून जातं, उरलेली ओल हवा वाळवते. वॉटरप्रूफिंग असतं ते मागच्या भिंतीचं. मुंबईत गळणाऱ्या बहुतेक रेनस्क्रीनमध्ये पॅनेल धडधाकट असतं, चूक त्याच्या मागे झालेली असते.

मागची भिंत

पहिलं काम ओळंब्याचं. गच्चीवरून दर ३ मीटरवर तार सोडा आणि प्रत्येक स्लॅबपाशी भिंतीचं अंतर मोजून नकाशावर लिहा. उंच इमारतीत भिंत २०-३० मिमी आतबाहेर निघणं नेहमीचंच. हे आकडे हातात आल्यावरच ब्रॅकेटची, म्हणजे सांगाडा भिंतीला धरून ठेवणाऱ्या तुकड्यांची, लांबी ठरवा. ब्रॅकेट आधी मागवले तर फुगीर जागी पोकळी संपते आणि खोलगट जागी माणसं ब्रॅकेटखाली पत्र्याचे तुकडे भरत बसतात.

नंतर गिलावा तपासा. बीम आणि ब्लॉकच्या सांध्यावरची आडवी चीर, खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी तिरकी चीर आणि छज्ज्याच्या मुळाशी साचलेली ओल या तीन जागा हमखास सापडतात. चिरा भरा, ठोकल्यावर पोकळ वाजणारा गिलावा काढून नवा करा आणि संपूर्ण भिंतीला वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात द्या.

थंड देशांतल्या माहितीपत्रकांत भिंतीवर बाहेरच्या अंगाला मेंब्रेन, म्हणजे आतली वाफ बाहेर जाऊ देणारा पातळ पडदा, दाखवलेली असते. मुंबईत वाफ उलट्या दिशेने चालते. बाहेर दमट हवा, आत एसीने गार केलेली भिंत. वाफ आत शिरून प्लास्टिकच्या वॉलपेपरमागे किंवा लॅमिनेटच्या कपाटामागे पाणी धरते आणि बुरशी येते. म्हणून इथे वाफ बाहेरच्या बाजूलाच रोखणारं कोटिंग बरं. मेंब्रेन वापरायचीच असेल तर ती उन्हात टिकणारी घ्या, कारण उघड्या सांध्यातून ऊन तिच्यावर रोज पडणार.

सांगाडा

मुंबईसाठी आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १.१६ किलोन्यूटन, म्हणजे ११८ किलोच्या आसपास. उंची आणि परिसराचे गुणक अजून लागायचे आहेत. इमारतीच्या कोपऱ्यांवर आणि पॅरापेटपाशी, म्हणजे गच्चीच्या कठड्यापाशी, वारा पॅनेल ढकलतो त्याहून जास्त ओढतो, त्यामुळे तिथे ब्रॅकेट आणि रिव्हेट दाट लागतात. हे गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या.

एक नमुना हिशोब पाहा. भिंत १२ मीटर रुंद, ९ मीटर उंच. पॅनेल ११९० × २९९० मिमी, सांधा १० मिमी.

- पॅनेल ३०. प्रत्येकाचं वजन सुमारे १०० किलो, एकूण ३ टन.
- उभे प्रोफाइल, म्हणजे सांगाड्याच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, ६०० मिमीवर, २१ ओळी. ३ मीटरचे ६३ तुकडे.
- प्रत्येक तुकड्याला ४ ब्रॅकेट, एकूण २५२.
- प्रत्येक पॅनेलला १८ रिव्हेट, एकूण ५४०.
- खिडक्या, कोपरे आणि तुटफूट धरून पॅनेल १० टक्के जास्त. सगळी एकाच बॅचची, कारण काँक्रीटचा रंग बॅचगणिक बदलतो.

ब्रॅकेट शक्यतो आरसीसी बीम-कॉलममध्येच पकडा. एएसी ब्लॉकमध्ये, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकमध्ये, साधा एक्सपान्शन फास्टनर आवळताना घट्ट वाटतो, पण ब्लॉक आतून चुरडलेला असतो आणि थोड्याच ताकदीने फास्टनर उपटून हातात येतो. ब्लॉकमध्ये पकडणं भागच असेल तर त्यासाठीच बनलेला केमिकल अँकर (रसायनाने चिकटवायचा बोल्ट) घ्या आणि त्याच भिंतीवर पुल-आउट टेस्ट (किती ताकदीने उपटतो याची चाचणी) करून आकडे इंजिनिअरला द्या. प्रत्येक छिद्रातली धूळ फुंकून काढा आणि ब्रॅकेटभोवती वॉटरप्रूफिंग पुन्हा लावा. २५२ ब्रॅकेट म्हणजे कोटिंगला पाडलेली किमान २५२ भोकं, हे विसरू नका.

खाऱ्या हवेत गॅल्व्हनाइज्ड स्क्रू टिकत नाहीत. वरळी, वांद्रे, वर्सोवा अशा समुद्राला लागून असलेल्या भागांत स्टेनलेस स्टील ३१६ घ्या, ३०४ वर तांबूस डाग येतात. ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट आणि भिंत यांच्यामध्ये प्लास्टिकचा पॅड ठेवा. सिमेंटच्या अल्कलीने ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

आता खरी मेख. ३ मीटरचा ॲल्युमिनियम प्रोफाइल ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ ३ मिमी वाढतो. काँक्रीट त्याच्या निम्म्याइतकंच वाढतं. म्हणून प्रत्येक प्रोफाइलला एकच ब्रॅकेट पक्का, बाकीचे लांबट छिद्रांतून सरकते. दोन प्रोफाइलमध्ये १० मिमी फट सोडा आणि ती फट पॅनेलच्या आडव्या सांध्याच्या रेषेतच आणा. एकच पॅनेल खालच्या आणि वरच्या अशा दोन प्रोफाइलवर चढलं तर दोन्ही त्याला वेगवेगळं खेचतात आणि कडेच्या रिव्हेटपासून केसासारखी चीर सुरू होते. मग दोष पॅनेलच्या माथी मारला जातो.

पोकळी

भिंतीवर रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) लावलं तरी त्याच्यापुढे किमान ४० मिमी जागा मोकळी राहू द्या. हवा खालून शिरून वरून निघाली पाहिजे. खालचं आणि वरचं तोंड भोकांच्या ॲल्युमिनियम पट्टीने बंद करा, नाहीतर वर्षभरात आत कबुतरांची वस्ती आणि खाली उंदरांची. इमारतीच्या उभ्या कोपऱ्यावर पोकळी पत्र्याने अडवा. नाहीतर एका बाजूचा वारा वळून दुसऱ्या बाजूला पळतो आणि पाणी सोबत ओढत नेतो.

फायबर काँक्रीट पेटत नाही, पण पोकळी धुराड्यासारखी ओढते. प्रत्येक स्लॅबपाशी रॉकवूलचा अडथळा हवा. त्याच्या पुढच्या कडेला आगीत फुगणारी पट्टी लावतात. एरवी हवा जाते, आग लागली की फट बुजते. एसीचे ड्रेन पाइप आणि केबलच्या वायरी पोकळीत मुळीच सोडू नका.

पॅनेल

पॅनेलमधले काचतंतू अल्कली सोसणारे, झिरकोनियायुक्त आहेत याचा दाखला मागा. साधी काच सिमेंटमध्ये कमजोर होत जाते. साइटवर पॅनेल आडवी, सपाट पॅलेटवर, ताडपत्रीखाली ठेवा. थप्पीत पाणी शिरलं तर पांढरा लोणा उमटतो आणि तो सहजी निघत नाही. उचलताना पॅनेल उभं करून उचला, एकावरून दुसरं ओढू नका.

कापायला डायमंड ब्लेड, सोबत पाणी किंवा व्हॅक्यूम, आणि कामगाराच्या तोंडावर रुमाल नव्हे तर नीट बसणारा एन-९५ मास्क. ही धूळ सिलिकाची असते, फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. कापल्यावर लगेच धूळ पुसा, ती ओलसर हवेत पृष्ठभागावर धरून बसते. कापलेल्या कडेला कंपनीने सांगितलेलं सीलर लावा.

प्रत्येक पॅनेलला दोन रिव्हेट पक्के, मधल्या ओळीत. बाकीच्या १६ रिव्हेटसाठी पॅनेलमधलं छिद्र रिव्हेटच्या दांड्यापेक्षा मोठं ठेवतात. प्रोफाइलमधलं छिद्र मात्र नेमकं त्याच्या मध्यावर यायला हवं, म्हणून सेंटरिंग टूल लावूनच ड्रिल करा. नुसत्या नजरेने केलं की रिव्हेट एका कडेला टेकतो आणि सरकता सांधा नावापुरता उरतो. रिव्हेट गनला स्पेसर नाक लावलं की डोक्याखाली थोडी फट राहते. ड्रिलचा ॲल्युमिनियमचा कीस मागून काढून टाका. आधी मधले दोन पक्के मारा, मग बाहेरच्या दिशेने जा. उभ्या सांध्यामागे प्रोफाइलवर काळी ईपीडीएम रबराची पट्टी लावा.

खिडकीच्या वर पत्र्याचं फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी पट्टी, भिंतीच्या कोटिंगखाली शिरलं पाहिजे आणि पुढे पॅनेलच्या बाहेर उतरलं पाहिजे. पॅनेल चढवण्याआधी खिडकीभोवती होजने अर्धा तास पाणी मारा आणि आतून बघा. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो. तोपर्यंत कोटिंग आणि फ्लॅशिंग पूर्ण हवं, पॅनेल नंतर चढली तरी चालतात.

पहिल्या पावसात सांध्यातून पाणी आत जाताना दिसलं की सोसायटीत कुणीतरी सगळे सांधे सिलिकॉनने भरायला सांगतं. भरू देऊ नका. हवा बंद होते, आत शिरलेलं पाणी वाळत नाही आणि सिलिकॉनच्या तेलाने कडांना काळपट डाग पडतात.

धुताना साधं पाणी आणि सौम्य साबण वापरा. ॲसिड वॉश सिमेंटचा वरचा थर खातो आणि तंतू उघडे पडतात. दर पावसाळ्यानंतर दोरीवरून माणूस उतरवून खालच्या पट्टीची भोकं मोकळी करून घ्या आणि कोपऱ्यांवरचे रिव्हेट हाताने हलवून बघायला सांगा. त्याच बॅचची चार-पाच पॅनेल तळघरात कोरड्या जागी राखून ठेवा.