साखर उतरण्याची भीती आटोक्यात कशी आणावी

मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीची रक्तातील साखर एकदा रस्त्यात किंवा मध्यरात्री उतरली, दरदरून घाम फुटला आणि घरच्यांची धावपळ उडाली, की त्या अनुभवाची धास्ती मनात घर करते. मग ती व्यक्ती इन्सुलिनचे एक-दोन युनिट आपल्याच मनाने कमी करते, भूक नसताना झोपण्यापूर्वी खाते आणि साखर सतत २०० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर राहिली तरी 'निदान उतरत तरी नाही' असे समाधान मानते. ही भीती निराधार नाही, त्यामुळे 'काही होत नाही' असे म्हणून ती झटकून टाकणे मला अन्यायाचे वाटते. मात्र तिच्यापोटी वाढू दिलेली साखर डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा यांचे नुकसान करत राहते.

सुरुवातीला, भीतीमुळे आपण नेमके काय करतो किंवा टाळतो, ते आठवडाभर वहीत लिहावे. त्यानंतर आपल्या औषधांनी साखर खरोखर उतरू शकते का, हे डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांनी ती उतरू शकते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये हा धोका अगदी कमी असतो.

सर्वांत महत्त्वाची सवय म्हणजे, शक्य असेल तेव्हा आधी मोजणे आणि मग खाणे. छातीत धडधड, थरथर आणि घाम ही लक्षणे घाबरल्यामुळेही होतात. शिवाय अनेक महिने साखर चढलेली असेल, तर ती १२० पर्यंत खाली आली तरी शरीर उतरल्यासारखी लक्षणे दाखवते. अशा वेळी ग्लुकोमीटरवर ७० पेक्षा मोठा आकडा दिसला, तर स्वस्थ बसून थोड्या वेळाने पुन्हा मोजावे. असे काही वेळा पडताळून पाहिले की भीती आणि साखर यांतला फरक ओळखू येऊ लागतो. मोजण्याचे साधन जवळ नसेल आणि लक्षणे स्पष्ट असतील, तर मात्र वाट न पाहता उपाय करावा.

आकडा ७० च्या खाली असल्यास सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज, किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. आकडा अजूनही कमी असेल तर तेवढेच पुन्हा घ्यावे. चॉकलेट किंवा पेढा या वेळी उपयोगाचा नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साध्या साखरेचे पचन मंदावते, म्हणून ग्लुकोजची पूडच जवळ ठेवावी. पाकिटे उशाशी, कामाच्या पिशवीत आणि गाडीत अशी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावीत. साखर सावरल्यावर पुढचे जेवण दूर असेल, तर थोडे खाऊन घ्यावे. ५४ च्या खालचा आकडा गंभीर मानून डॉक्टरांना कळवावा.

घरच्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवावी: रुग्ण बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल, तर तोंडात साखर वा पाणी मुळीच घालू नये, त्याला कुशीवर वळवावे आणि महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आपण एकटे नाही, हे कळल्याने रात्रीची धास्ती बरीच ओसरते.

यानंतर कारण शोधावे. इन्सुलिन घेऊन जेवायला उशीर झाला का, एकादशीच्या किंवा चतुर्थीच्या उपवासात औषधाची मात्रा तीच राहिली का, नेहमीपेक्षा जास्त चालणे झाले का, मद्य घेतले होते का, हे तारखेसह लिहावे. व्यायामाचा परिणाम कित्येक तासांनी, अगदी रात्रीही, दिसू शकतो. मूत्रपिंडांचे काम मंदावले असेल, तर इन्सुलिन आणि काही गोळ्यांचा परिणाम लांबतो.

ही वही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि, एरवी सांगायला संकोच वाटला तरी, आपण मनाने डोस कमी करतो हेही सांगावे. ते ठाऊक नसेल तर चढलेला आकडा पाहून औषध आणखी वाढवले जाण्याचा धोका राहतो. वयस्कर व्यक्तीसाठी साखरेचे लक्ष्य थोडे सैल ठेवता येते, औषध किंवा त्याची वेळ बदलता येते. कोणतेही लक्षण न जाणवता साखर उतरत असेल, तर सतत मोजणाऱ्या आणि इशारा देणाऱ्या सेन्सरबद्दल आवर्जून विचारावे. हे सारे करूनही एकटे बाहेर पडणे किंवा झोपणे अवघड वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याची विनंती त्याच भेटीत करावी.