शेंगदाण्याच्या बटरला साखर नको, खारकेची पूड घाला

घरी लेकरं पोळीला पीनट बटर लावून खातात म्हणून विकतचं आणणं बंद केलं आणि मिक्सरलाच करायला लागले, पण गोडीसाठी काय घालायचं हाच मोठा प्रश्न होता. आधी भिजवलेला खजूर वाटून घातला तर सगळं बटर घट्ट गोळा होऊन पात्याला चिकटून बसलं. कारण साधंय, शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं आणि त्यात थोडं जरी पाणी गेलं की ते आवळतं. काकवीचंही तसंच होतं, तीही पातळच की.

म्हणून खारीक घ्या, आपल्याकडं डिंकाच्या लाडवासाठी आणतोच. बिया काढून तुकडे दोन दिवस कडक उन्हात ठेवा (मराठवाड्यात उन्हाची काय कमी), कटकन मोडायला लागले की दळून बारीक चाळणीनं चाळा. पाव किलो भाजलेल्या शेंगदाण्याला तीन चमचे पूड पुरते, पण आधी शेंगदाण्याला पूर्ण तेल सुटू द्या, मगच पूड अन् चिमूटभर मीठ टाका, मिठानं गोडी लई उठून येते. बरणी आणि चमचा कोरडाच पाहिजे.

खारकेऐवजी स्टेव्हिया (गोड पानांची एक वनस्पती) वापरणार असाल, तर तिच्या शुद्ध अर्काची पावडर साखरेच्या 200 ते 300 पट गोड असते, चिमटीच्या टोकावर येईल तेवढीच घ्या, जास्त झाली की कडवट लागते. आणि घरात शुगरवालं कुणी असेल तर खारीक-गूळ पण मोजूनच द्या, त्यातही साखरच असते.